बाबा कोणत्या घरी येतील

सैन्यातल्या माणसाशी लग्न केलं की घरं बदलायची सवय होते, असं मला लग्नात येईल त्याने सांगितलं होतं. ते साफ खोटं आहे. अकरा वर्षांत पाच घरं झाली आणि दर वेळी सामान बांधताना मी तितकीच चिडले. सवय झाली ती फक्त काळ्या पेट्यांची. लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नवऱ्याचं नाव आणि पेटीचा नंबर, आत काय काय आहे त्याची यादी झाकणाला आतून चिकटवलेली. एक ते चार स्वयंपाकघर, पाच ते नऊ कपडे आणि अंथरुणं, दहा पुस्तकं, आणि जे कुठेच बसत नाही ते सगळं अकरा नंबरच्या पेटीत. आम्ही साताऱ्याकडचे. तुमचं घर कुठे असं कुणी विचारलं तर मी अजून तिकडच्या गावाचं नाव सांगते, कारण बाकीची घरं आम्ही वापरून सरकारला परत करतो.

लखनौच्या कँटातलं, म्हणजे लष्करी छावणीतलं घर मात्र साडेतीन वर्षं टिकलं. तिथे आलो तेव्हा मुलगी साडेचारची होती, निघालो तेव्हा आठची. मुलगा आला तो वर्षाचा, माझ्या कडेवर. म्हणजे त्याला आठवतं तेवढं सगळं आयुष्य त्याच एका घरात गेलं होतं. पुढे दोन पायऱ्या, मागे कडुलिंब, फाटकावर बाबांच्या नावाची पितळी पाटी. घर म्हणजे हे, दुसरं काही घर असू शकतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मार्चमध्ये नवऱ्याची बदली आली. तीही अशा ठिकाणी, जिथे बायकापोरांना नेता येत नाही. निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. मुलगी माझ्या कमरेला बिलगून रडत होती. मुलगाही रडण्याच्या बेतात आहे असं पाहून नवऱ्याने त्याला पायरीवर उभं केलं, दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "हे बघ, मी परत येईपर्यंत हे घर तू सांभाळायचं. काय? आता इथला मोठा तू." मुलाने खाडकन पाय जुळवून सलाम ठोकला. आम्ही सगळे हसलो, ड्रायव्हरसुद्धा हसला. मला वाटलं, चला, दोघांतला एक तरी शांत राहिला. साडेचार वर्षांच्या पोराला आपण काय सांगून बसलो आहोत हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घर मे महिन्याच्या अखेरीला सोडायचं होतं. नवरा लांब असलेल्या कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात, पण तिथल्या यादीत आमचा नंबर फार खाली होता. मग मी एकटीनेच स्कूटरवर फिरून गोमती नगरात दुसऱ्या मजल्यावरचं एक घर भाड्याने पाहिलं. मुलांच्या शाळेची बस तिथून जात होती आणि घरमालकीण खाली राहत होती, एवढं मला पुरे होतं. नवऱ्याला पत्ता मेसेज करून टाकला. त्याचा फोन लागला तर लागला, नाही तर चार चार दिवस कानाशी नुसतं टूं टूं.

मुलांना जेवताना सांगितलं. आमच्या घरात आम्ही मराठी बोलतो आणि मुलं हिंदीत उत्तरं देतात. मी खूप प्रयत्न केले, आता सोडून दिलेत. मुलीने विचारलं, "मेरी साइकिल कहाँ रखेंगे?" हा प्रश्न मला समजण्यासारखा होता. मुलगा वरणभात खात राहिला. घास गिळून झाल्यावर म्हणाला, "तुम लोग जाओ. मैं यहीं रहूँगा."

"आणि जेवायला कोण घालणार तुला?"

"मैं मैगी बना लूँगा."

"गॅसपर्यंत हात तरी पोचतो का तुझा?"

"स्टूल है ना," तो म्हणाला. आणि पुन्हा खायला लागला.

मी ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी मी तीन नंबरच्या पेटीत डबे भरले, फोन वाजला म्हणून बाहेर गेले आणि परत येऊन पाहते तर डबे फळीवर. डाळीचा डाळीच्या जागी, पोह्यांचा पोह्यांच्या जागी. स्टुलावर उभा राहून तो शेवटचा डबा लावत होता. मी पुन्हा भरले. संध्याकाळपर्यंत चपलांचं खोकं रिकामं झालं आणि बाबांचे जुने बूट दाराशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. उन्हाने जीव नकोसा झालेला, पंखा गरम वारा फेकतोय, टेम्पो दोन दिवसांवर आलेला, आणि मी भरते ते हा पठ्ठ्या काढून ठेवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला पाठीत एक धपाटा घातला. तो रडला नाही. मला तो रडला असता तर बरं वाटलं असतं.

क्वार्टर परत करायच्या दिवशी ऑफिसातून एक माणूस रजिस्टर घेऊन येतो. नळ, पंखे, ट्यूबलाइट, खिडकीच्या काचा, सगळं यादीशी ताडून बघतो. मी आदल्या दिवसापासून भिंती घासत होते. पेन्सिलीच्या रेघा, मोरांची चित्रं, तेलाचे हात, सगळं साबणाने काढलं. माणूस यायला अर्धा तास होता आणि मी सहज फाटकाबाहेर पाहिलं तर खांबावर निळ्या क्रेयॉनने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: बाबा, हम गोमती नगर गए हैं. खाली घराचं चित्र आणि त्यातून निघालेला एक बाण. अक्षर मुलीचं होतं, बाण मुलाचा.

मी बादली घेऊन आले आणि घासायला लागले. मेणाचा रंग, काही केल्या जाईना. मी मुलीला ओरडले, ती म्हणाली, "उसने बोला था लिखने को." तो बाजूला उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. बाण सगळ्यात शेवटी गेला.

"अब बाबा को कौन बताएगा?" त्याने विचारलं.

"फोन आहे ना. मी सांगितलंय त्यांना."

"बाबा का फोन तो लगता ही नहीं."

रजिस्टरवाला आला, त्याने सगळं बरोबर आहे म्हणून सही घेतली आणि खांबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मी पाटीचे स्क्रू काढले, पाटी जुन्या टॉवेलात गुंडाळून अकरा नंबरमध्ये ठेवली. निघताना मुलाने फाटकाचा गज धरला. टेम्पो पुढे गेला होता, ऑटोवाला हॉर्न देत होता. मला त्याचं एकेक बोट सोडवावं लागलं. ते करताना मी "बस झालं हं आता, फार झालं तुझं" असं काहीतरी बोलत होते. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

गोमती नगरच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका. एकट्याच राहतात, आवाज मऊ, पण वर्ग गप्प करायची सवय अजून गेलेली नाही. टेम्पोतून पेट्या उतरत असतानाच त्या म्हणाल्या, "पहले चाय पी लीजिए, सामान कहीं भागा नहीं जा रहा." पण मला आधी दूध तापवायचं होतं. नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, ही आमची रीत. पाची घरांत मी ते केलं आहे. मी पातेलं चढवलं, मुलांना दोन बाजूंना उभं केलं, दूध वर यायला लागलं, आणि बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. त्यांनी पाहिलं की दूध उतू चाललंय आणि ही तिघं नुसती बघत उभी आहेत. ट्रे पेटीवर ठेवून त्या धावल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. फेस काठापर्यंत येऊन खाली बसला.

मी त्यांना रीत सांगितली. त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "अच्छा, तो फिर से चढ़ाइए. इस बार मैं हाथ पीछे रखूँगी." आणि खरंच हात मागे बांधून उभ्या राहिल्या. दूध उतू गेलं, ओटाभर झालं, मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मला एकदम भरून आलं. महिनाभर मी एकटी सगळं उचलत होते आणि आज माझ्याबरोबर कुणीतरी दूध उतू जाताना बघत उभं होतं. मुलगा तेवढ्यात दारापाशी जाऊन बसला होता, पायात बूट, पाठीवर दप्तर.

ते बूट आठवडाभर निघाले नाहीत. झोपेत मी काढायचे, सकाळी उठला की पहिल्यांदा बूट. रोज संध्याकाळी विचारायचा, "घर कब जाएँगे?"

"अरे राजा, हेच आपलं घर."

"ये तो आंटी का है."

तेही खरंच होतं. वर्षभरापूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. खाली बाईंकडे जाऊन तो पराठे खायचा, वर आला की भूक नाही. मी सगळे उपाय करून पाहिले. त्याचा पलंग खिडकीशी लावला, गाड्या त्याच क्रमाने मांडल्या, पडदेही जुनेच लावले. शेवटी अकरा नंबरची पेटी उघडली, पाटी काढून पुसली आणि दाराबाहेर ठोकली. त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि म्हटलं, "बघ, बाबांचं नाव. झालं की नाही आपलं घर?"

तो पाटीकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा बघता बघता वेडावाकडा झाला. "यहाँ क्यों लगाया? बाबा तो वहाँ आएँगे. उन्होंने मुझे बोला था वो घर देखने को. मैंने छोड़ दिया."

आणि मग तो रडला. मार्चपासून साठवलेलं सगळं. मी जिन्यातच खाली बसले आणि त्याला मांडीवर ओढलं. पायरीवरचा तो सलाम तेव्हा मला आठवला. बापाने गंमतीत दिलेलं काम याने अडीच महिने इमानाने केलं होतं, आणि मी त्याला फाटकापासून ओढून आणलं होतं, वर धपाटाही घातला होता. मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं. तू नाही सोडलंस, मी सोडायला लावलं." त्याला किती कळलं कोण जाणे. नाक माझ्या खांद्याला पुसत तो तसाच झोपून गेला.

तीन दिवसांनी फोन लागला. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दे त्याला." मुलाने फोन कानाला लावला, तिकडून "अरे मी नव्या घरीच..." एवढं आलं आणि लाइन तुटली. "क्या बोले?" त्याने मला विचारलं. मी पुढचं वाक्य पुरं करून सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं ते खांब घासताना पाहिलं होतं तसंच. माझ्या शब्दावर आता त्याचा भरवसा राहिला नव्हता.

मग एका रविवारी मी त्याला स्कूटरवर पुढे उभं केलं, मुलीला मागे बसवलं आणि त्याला जुन्या घरी घेऊन गेले. एक मैत्रीण फोनवर म्हणाली होती की असं करू नकोस, जखम उघडते. मी म्हटलं, उघडू दे. तिथे एक गढवाली कुटुंब आलं होतं. फाटकावर दुसरी पाटी, पायरीवर तान्ह्या बाळाची दुपटी वाळत टाकलेली. त्या बाईने आम्हाला आत बोलावलं, पण मुलगा फाटकातच उभा राहिला.

"आंटी, मेरे बाबा आए थे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलण्याआधीच तिला समजलं असावं, तीही फौजीची बायको. "नहीं बेटा, अभी नहीं आए," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "आएँगे तो मैं बिठा के रखूँगी, चाय पिलाऊँगी और तुम्हारी मम्मी को फोन कर दूँगी. ठीक है?" आणि तिने माझा नंबर घेतला. परत येताना तो स्कूटरच्या आरशात पाठीमागे बघत नव्हता, एवढं मला दिसलं. त्या दिवसापासून बूट घरात निघायला लागले. पण त्या दुसऱ्या मजल्याला तो "ऊपर" म्हणायचा, घर कधीच नाही.

जुलैच्या सुरुवातीला नवऱ्याला रजा मिळाली. दोन दिवसांचा प्रवास, गाडी सकाळी आठला चारबागला पोचणार. त्याने बजावून सांगितलं, "अगं, स्टेशनवर येऊ नकोस पोरांना घेऊन. मी ऑटोने येतो. पत्ता आहे माझ्याकडे." मी पहाटेच उठून पुरणाचा घाट घातला. बाईंनी मलिहाबादच्या त्यांच्या नातेवाइकांकडून आलेले शेवटचे दशहरी आंबे बादलीत भिजत घातले. मुलीने केसांना दोन रिबिनी बांधल्या.

नऊ वाजले. गाडी वेळेवर आल्याचं फोनवर दिसत होतं. नवऱ्याचा फोन बंद. साडेनऊ. मी गॅलरीत चार चकरा मारल्या. मुलगा बूट घालून दाराशी बसला होता.

"बाबा वहाँ गए हैं," तो म्हणाला.

"नाही रे. त्यांना माहीत आहे आपण इथे आहोत."

"वहीं गए हैं."

मी पुरणात डाव फिरवत राहिले. दहाला पाच कमी असताना फोन वाजला. अनोळखी नंबर होता, आवाज गढवाली बाईचा. तिला हसू आवरत नव्हतं. "भाभी जी, आपके साहब यहाँ बैठे हैं. चाय पी रहे हैं. बहुत शर्मिंदा हैं."

मागून नवऱ्याचा आवाज आला. म्हणाला, मी निघतोच, पत्ता फोनमध्ये आहे आणि फोन मेलाय, तू पत्ता पुन्हा सांग. मी सांगायला तोंड उघडलं तर मुलगा समोर उभा. "उनको बोलो वहीं रुकें," तो म्हणाला. "मैं लेने आ रहा हूँ."

एरवी मी म्हटलं असतं की कशाला उगाच, येतील ते. त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तिथेच थांबा. तुम्हाला न्यायला येतायत." गॅस बंद केला, पुरण तसंच ठेवलं आणि स्कूटर काढली.

नवरा पायरीवर बसला होता, हातात कप, बाजूला मोठी बॅग, दाढी वाढलेली. मला बघून कान पकडल्यासारखं केलं. "ऑटोवाल्याने माझे फौजी कापाचे केस पाहिले आणि विचारलं, कैंट? मी हो म्हटलं आणि झोपलो. उतरलो, फाटक उघडलं, पायरी चढलो, बेल वाजवली. दार दुसऱ्याच बाईने उघडलं." तो हे हसत सांगत होता, पण त्याचे डोळे भरले होते. साडेतीन वर्षं त्याचे पाय ज्या दाराकडे वळत होते त्याच दाराकडे झोपेतसुद्धा वळले होते. आमच्या सगळ्यांत फक्त साडेचार वर्षांच्या पोराने ते आधी ओळखलं होतं.

मुलगी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. मुलगा धावला नाही. सावकाश फाटकातून आत गेला आणि बापाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. नवऱ्याने हात पसरले, पण तो लगेच शिरला नाही. आधी त्याला सांगायचं होतं.

"बाबा, हम लोग अब यहाँ नहीं रहते."

नवऱ्याने मान हलवली. "हो. विसरलोच होतो बघ मी."

"कोई बात नहीं," मुलगा म्हणाला. मग त्याने बापाचं एक बोट धरून त्याला पायरीवरून उठवलं. "घर उधर है. चलो, मैं दिखाता हूँ."

गढवाली बाई दारात उभी होती, बाळ खांद्यावर. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मी दुसरीकडे पाहिलं.

बॅगेसकट चौघं स्कूटरवर मावणार नव्हतो. नवरा आणि मुलगा ऑटोत बसले, मी मुलीला घेऊन मागून निघाले. प्रत्येक वळणावर ऑटोच्या उजव्या बाजूने एक लहानसा हात बाहेर यायचा आणि ड्रायव्हरला इकडे, आता इकडे, असं दाखवायचा. पुलावर तर रस्ता सरळच होता, तिथेही हात बाहेर होता, सरळ चला म्हणून. एरवी हात आत घे म्हणून मी ओरडले असते. मला पुढचं सगळं अंधुक दिसत होतं. मुलीने मागून माझ्या कमरेचा विळखा घट्ट केला आणि म्हणाली, "आई, धीरे चलाओ. भाई रास्ता बता रहा है ना."